दोन्ही ओळी खऱ्या कशा असतील?

आत्या देवासला राहते. तिची सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. भाचा धारला असतो. रस्ता, कालवा, पाण्याची लाइन, काहीही टाकायचं असलं की आधी जमिनीचा चढउतार मोजावा लागतो आणि ते त्याचं काम. दोघं भेटले की एक वाद हमखास निघतो : एकसामयिक समीकरणांना उत्तर नसतं, तेव्हा काय समजायचं? आत्याच्या मते ‘उत्तर नाही’ हेच पूर्ण उत्तर आहे. भाच्याच्या मते तसं म्हणणं शाळेत चालतं, कामावरच्या माणसाला आकडा द्यावाच लागतो. दहावीच्या पुस्तकातल्या एका कोरड्या नियमावरून सुरू झालेला हा वाद फार लांब जातो, म्हणून तो जसा ऐकला तसा इथे देतो आहे.

भाचा : पुस्तकात काय असतं? क्ष च्या सहगुणकांचं गुणोत्तर आणि य च्या सहगुणकांचं गुणोत्तर सारखं, पण स्थिर पदांचं वेगळं, मग रेषा समांतर आणि उत्तर नाही. मुलं पाठ करतात, दोन गुण घेतात आणि विसरतात. विसरतात तेही बरोबरच आहे. ज्याचं उत्तर नाही ते लक्षात ठेवून करायचं काय?

आत्या : पाठ करून घेणाऱ्यांची बाजू मी घेणारच नाही. आपल्या नाश्त्याचाच हिशेब घे. परवा दोन प्लेट पोहे आणि पावभर जिलबी आणली, सत्तर रुपये झाले. आज चार प्लेट पोहे आणि अर्धा किलो जिलबी, दीडशे झाले. पोह्याच्या प्लेटचा भाव क्ष, पावभर जिलबीचा य. भाव काय ते सांग.

भाचा : २क्ष + य = ७०. ४क्ष + २य = १५०. पहिल्याची दुप्पट केली तर उजवीकडे १४० येतात. दुसऱ्यातून वजा केलं की डावीकडे काही उरत नाही. शून्य बरोबर दहा. निघत नाही.

आत्या : निघत नाही कसं? शून्य बरोबर दहा निघालं की. मुलं इथे घाबरतात, ओळ खोडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तू खोडू नकोस. पोहे वीस रुपये आणि जिलबी तीस धर. परवाचा हिशेब जुळतो, आजचा एकशे चाळीस होतो. पोहे पंधरा आणि जिलबी चाळीस धर. परवाचा पुन्हा जुळला, आजचे पुन्हा एकशे चाळीसच. परवाच्या हिशेबाला चालणारा कोणताही भाव घे, आजचे एकशे चाळीसच होणार, कारण आजचा माल परवाच्या बरोबर दुप्पट आहे. दरवेळी दहाच कमी पडतात, नऊ नाहीत की अकरा नाहीत.

भाचा : म्हणजे गाडीवाल्याने दहा रुपये जास्त घेतले.

आत्या : ते समीकरणं सांगत नाहीत. मधल्या दिवसात भाव वाढला असेल. आज पार्सलच्या डब्याचे पैसे लावले असतील. शेव वेगळी घेतली असेल. समीकरणं एवढंच सांगतात, की दोन्ही दिवस एकच क्ष आणि एकच य होता, बाकी काही नव्हतं, हे तुझं गृहीतक टिकत नाही. डब्याचे पैसे म्हणून तिसरं चल घेतलंस तर दोन्ही हिशेब एकत्र नांदतील. पण ते चल घ्यायची गरज आहे, हे तुला त्या ‘शून्य बरोबर दहा’ने कळवलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण उत्तर का नसतं याचं सगळं मर्म आत्याच्या या हिशेबात आलं आहे. समीकरणांच्या डाव्या बाजूंचं आपसात काही नातं असतं : एक दुसरीच्या दुप्पट असते, किंवा दोघींची बेरीज तिसरी असते. तेच नातं उजव्या बाजूंनी पाळलं नाही, तर उत्तर नाही. पाळलं, तर उत्तर आहे. चलं दोन असोत की दोन हजार, समीकरणं किती का असेनात, तिसरं कारण उरत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात हे प्रमेय पक्कं झालं आणि देशोदेशी ते रूशे, क्रोनेकर, कापेली अशा वेगवेगळ्या नावांनी शिकवलं जातं. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू अशी, की उत्तर नसण्याचाही पुरावा देता येतो. ‘खूप शोधलं, सापडलं नाही’ असं म्हणायची वेळ येत नाही. कोणत्या ओळीला कितीने गुणून मिळवलं की शून्य बरोबर काहीतरी भलतंच येतं, हे दाखवायचं, की काम झालं. ज्याला पटत नसेल त्याने दोन मिनिटांत तपासून घ्यावं. आत्याच्या हिशेबात ते गुणक होते उणे दोन आणि एक.

भाचा : पण त्या समांतर रेषा? आलेख काढला की मुलांना जे दिसतं ते तेवढंच.

आत्या : दिसू दे की. पहिली रेषा सत्तरवरून निघते, दुसरी पंचाहत्तरवरून आणि दोघी एकाच उताराने खाली जातात. आपल्या देवासच्या दोन पात्यांसारख्या. तुकोजी आणि जिवाजी पवार सख्खे भाऊ, पहिल्या बाजीरावाच्या काळात माळव्यात आले. थोरली पाती आणि धाकटी पाती, घराणं एक, गाव एक, पण राज्यं दोन. १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन होईपर्यंत वेगळीच चालली.

भाचा : उपमा गोड आहे, पण चालणार नाही. दोन्ही पात्यांची गावं एकमेकांत मिसळलेली होती. इथे गावातसुद्धा रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. समांतर रेषा अशा एकमेकींत गुंतत नाहीत. माझी खरी तक्रार तर वेगळीच आहे. समांतर रेषा दाखवून तुम्ही मुलांची समजूत करून देता, की भांडण नेहमी दोघांत असतं आणि ते डोळ्यांना दिसतं. माझ्या कामात तसं कधीच होत नाही.

आत्या : मग कसं होतं?

भाचा : धारचा किल्ला, लाट मशीद आणि मुंज तलावाचा काठ अशा तीन खुणा घे. मला तिघांची उंची हवी. लेव्हलची दुर्बीण लावतो, स्टाफ म्हणजे उभी मापपट्टी धरायला माणूस उभा करतो, वाचन घेतो. आकडे समजण्यापुरते सांगतो. किल्ल्याच्या खुणेपेक्षा लाट मशिदीची खूण १२.४० मीटर खाली. लाट मशिदीपेक्षा तलावाचा काठ ६.१५ खाली. मग तलावावरून थेट किल्ल्यावर जातो, तर फरक येतो १८.५८. आता बघ. पहिली दोन वाचनं घे, काही तक्रार नाही. दुसरं आणि तिसरं घे, तरी नाही. पहिलं आणि तिसरं घे, तरीही नाही. कोणतीही दोन सुखाने नांदतात. तिन्ही घेतली, की १२.४० अधिक ६.१५ म्हणजे १८.५५, आणि तिसरा म्हणतो १८.५८. तीन सेंटिमीटरचं भांडण. ते कोणा दोघांचं नाही, तिघांचं मिळून आहे.

आत्या : अगदी बरोबर. अवकाशात तीन प्रतलं अशी उभी करता येतात, की कोणतीही दोन एका रेषेत छेदतात, पण तिन्ही मिळून एकही बिंदू सापडत नाही. तीन भिंतींचा त्रिकोणी बोगदा म्हण. एकही जोडी समांतर नाही आणि तरी उत्तर नाही. पुस्तकात दोनच चलं असतात, म्हणून हे मुलांना दिसत नाही. पण डाव्या-उजव्या बाजूचं नातं इथेही तेच आहे. पहिलं अधिक दुसरं उणे तिसरं केलंस, की डावीकडे शून्य आणि उजवीकडे उणे तीन सेंटिमीटर. उत्तर नाही.

भाचा : आता साहेबांना जाऊन सांगू का, की धारच्या किल्ल्याला उंचीच नाही? किल्ला तिथे आहे, तलाव तिथे आहे, उंच्या आहेतच. समीकरणांना उत्तर नसलं तरी जमिनीला आहे. आम्ही याला क्लोजिंग एरर म्हणतो आणि ती यायचीच. ऊन असतं, हवा थरथरते, स्टाफ किंचित कलतो. कामाची लांबी वाढेल तशी किती चूक खपवून घ्यायची याचेही नियम आहेत. ती मर्यादा अंतराच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते. मर्यादेत असली की चूक वाटून टाकायची. प्रत्येकाला एक सेंटिमीटर : १२.४१, ६.१६ आणि १८.५७. जुळलं. पाणी वाहील तसंच वाहील.

आत्या : वाटायची ती अशीच का?

भाचा : कारण तिन्ही वाचनांवर माझा सारखाच विश्वास आहे, आणि असं वाटलं की चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होते. ही लघुतम वर्गांची रीत. लजांद्रने १८०५ मध्ये छापली, गाउसने १८०९ मध्ये. १८०१ मध्ये सेरेस नावाचा बटुग्रह सापडून पुन्हा दिसेनासा झाला होता. गाउसने थोड्याशा वेधांवरून तो पुन्हा कुठे दिसेल ते सांगितलं आणि तो तिथेच दिसला. कोणतेही दोन वेध तंतोतंत जुळत नसतात, आत्या. ‘उत्तर नाही’ म्हणून गाउस बसला असता तर सेरेस हरवलाच असता. आणि एवढं लांब कशाला जायचं? आपल्या माळव्याच्या कडेला, सिरोंजजवळ कल्याणपूर आहे. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीचा मूळ बिंदू त्या टेकडीवर मानला गेला. लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासेतून सुरुवात केली, एव्हरेस्टने ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोन प्रत्यक्ष मोजायचे. तिघांची बेरीज एकशे ऐंशी अंश आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारा किंचित वाढावा, एवढी व्हायला हवी. ती कधी होत नसे. अख्खा भारताचा नकाशा उत्तर नसलेल्या समीकरणांवर उभा आहे.

भाच्याचं हे शेवटचं वाक्य अतिशयोक्तीचं नाही. मोजमापं गरजेपेक्षा जास्त घेतली, की समीकरणं चलांपेक्षा जास्त होतात आणि ती आपसात पूर्ण जुळणं हा अपवाद ठरतो. पाठ्यपुस्तकात उत्तर नसलेली जोडी हा एक विचित्र प्रकार म्हणून शेवटी येतो, पण मोजणाऱ्यांच्या जगात तोच रोजचा आहे. मुलांना हे कोणीतरी सांगायला हवं.

आत्या : नकाशा त्यावर उभा आहे, मान्य. पण त्या मोजणीचे जाडजूड खंड छापले गेले, त्यांत त्रिकोणांच्या चुकाही छापल्या आहेत. त्यांनी आधी कबूल केलं की जुळत नाही, किती जुळत नाही ते लिहिलं आणि मग वाटणी केली. तू क्रम उलटा करतोस. तुझ्याच तीन खुणा घे. समज, तिसऱ्या वाचनात मीटरचा आकडा चुकला. १८.५८ ऐवजी १९.५८ लिहिलं गेलं. होतं ना असं?

भाचा : होतं. नवीन पोरगा असला की होतंच.

आत्या : आता चूक किती? एक मीटर तीन सेंटिमीटर. तुझ्या रीतीने वाट. तिघांना साधारण चौतीस-चौतीस सेंटिमीटर. १२.४० चे झाले १२.७४, ६.१५ चे ६.४९ आणि १९.५८ चे १९.२३ च्या पुढे थोडे. सगळं छान जुळलं. आणि तिन्ही आकडे खोटे झाले! आधी निदान दोन खरे होते. चूक एकाची, शिक्षा तिघांना, आणि कागद इतका नीटनेटका की कोणाला शंका यायला जागा नाही. तुझी रीत बारीक थरथरीसाठी आहे, खोट्या वाचनासाठी नाही. आणि थरथर आहे की खोटं वाचन, हे ती रीत स्वतः सांगत नाही. ते तुला त्या उरलेल्या आकड्याकडे बघून ठरवावं लागतं.

भाचा : म्हणून तर मर्यादा असते. मर्यादेबाहेर गेलं की आम्ही पुन्हा मोजतो.

आत्या : म्हणजे ‘उत्तर नाही’ हे वाक्य तुलाही लागतंच. मी एवढंच म्हणते आहे.

भाचा थोडा गप्प झाला, पण हार मानून नव्हे. त्याने विषय आत्याच्या लाडक्या माणसाकडे वळवला.

भाचा : तुझे भास्कराचार्य काय करायचे?

आत्या : त्यांचं उत्तर रोखठोक होतं. बीजगणितात अनेक अव्यक्तांची समीकरणं त्यांनी मांडली, चलांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं देऊन. त्यांच्या कुट्टकात पूर्णांकातच उत्तर हवं असतं. वीस आणि पन्नासच्या नोटांनी एकशे पंधरा रुपये देऊन बघ. सुटे परत घ्यायचे तेही त्याच नोटांत. मरेपर्यंत जमणार नाही. दोन्ही नोटा दहाच्या पटीतल्या, एकशे पंधरा नाहीत. भाज्य आणि हार, म्हणजे इथे वीस आणि पन्नास, यांना ज्या संख्येने भाग जातो, तिने क्षेपालाही, म्हणजे एकशे पंधरालाही, भाग जायला हवा. जात नसेल, तर प्रश्नच दुष्ट आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं. जवळपासचं उत्तर काढून द्यायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

भाचा : हे वेगळं झालं. अपूर्णांक चालले असते तर तुझ्या नोटांच्या समीकरणाला हवी तेवढी उत्तरं आहेत.

आत्या : आहेत. पण नसण्याचं कारण त्याच जातीचं आहे. डावी बाजू एका बंधनात बांधलेली, उजवी ते मानत नाही.

भाचा : आणि ते पाटणचं? तू नेहमी सांगतेस ते.

आत्या : चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने १२०७ मध्ये आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा तो लेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यात वंशावळ आहे. त्यांच्या पूर्वजांपैकी भास्करभट्ट याला भोजराजाने विद्यापति ही पदवी दिली असं त्यात म्हटलं आहे. तो भोज तुझ्या धारचा.

भाचा : मग धारचीच गोष्ट पुढे ऐक. भोजाच्या नावावर राजमृगांक हा ग्रहगणिताचा करणग्रंथ आहे, १०४२ सालच्या आरंभाचा. जुन्या सिद्धान्ताने काढलेलं ग्रहांचं स्थान आणि आकाशात दिसणारं स्थान जुळेनासं झालं, तेव्हा गणितात किती भर घालायची किंवा किती काढायचं ते त्यात दिलं आहे. त्याला बीजसंस्कार म्हणतात. गणित आणि आकाश यांचं जमत नव्हतं, तर त्यांनी प्रश्न दुष्ट आहे म्हणून ग्रंथ मिटला नाही. दुरुस्ती केली. आणि तुझ्या भास्कराचार्यांनी करणकुतूहल लिहिताना तेच बीज घेतलं. तेव्हा ते माझ्या बाजूला बसले होते.

हा घाव मला बिनतोड वाटला होता, पण आत्याने तो शांतपणे घेतला.

आत्या : बसले होते, आणि योग्यच केलं. पण बघ, कुट्टकात ते एक वागले आणि ग्रहगणितात दुसरं. का? नोटांच्या हिशेबात मोजमापाची चूक नसतेच. वीस म्हणजे वीस. तिथे जुळलं नाही, तर मागणीच चुकीची. ग्रहांच्या बाबतीत आकडे वेधातून आले होते, वेध थोडे हलतात आणि जुने आकडे शिळे होतात. तिथे दुरुस्ती हवीच. कोणते आकडे पक्के आणि कोणते हलणारे, हे आधी ठरवायचं. ते न ठरवता वाटणी करायची नाही आणि ‘दुष्ट’ही म्हणायचं नाही.

भाचा : हे मी मान्य करतो. आणि माझ्याकडून एक भर घालतो. उत्तर नसण्यापेक्षा मला वाईट वाटतं ते उत्तर असून भरवसा नसणं. दोन रेषा जवळजवळ समांतर असल्या, की त्या कुठेतरी छेदतात, पण कुठे ते विचारू नकोस. क्ष + य = २ आणि क्ष + १.००१य = २.००१ घे. उत्तर एक आणि एक. आता शेवटच्या आकड्यात एक हजारांश चूक होऊ दे, २.००२ होऊ दे. उत्तर झालं शून्य आणि दोन! मिलिमीटरची चूक आणि मीटरचा घोळ. म्हणून त्रिकोण निवडताना आम्ही तीस अंशांपेक्षा लहान कोन टाळतो. निमुळत्या त्रिकोणातून निघालेलं उत्तर कागदावर एकदम ठाम दिसतं, पण त्याच्यावर पूल बांधू नये.

आत्या : आणि १.००१ चा १ झाला, की उत्तरच नाही. तेव्हा ते निदान खरं तरी बोलतं.

दोघांत कौल द्यायचा तर मी आत्याच्या बाजूने देईन, भाच्याची एक गोष्ट बरोबर घेऊन. साइटवर आकडा द्यावा लागतो, हे खरं. पण दिलेल्या आकड्याशेजारी न जुळलेली रक्कमही लिहिली पाहिजे. किल्ल्याची उंची सांगा आणि तीन सेंटिमीटर वाटले तेही सांगा. हिशेबात, अंदाजपत्रकात, पाण्याच्या वाटपात, सर्वेक्षणाच्या तक्त्यात आपण जुळवलेले आकडे दाखवतो आणि न जुळलेले पुसतो. तीन सेंटिमीटर पुसले तर नुकसान नाही, पण एक मीटरही त्याच सवयीने पुसला जातो.

शाळेतल्या शिक्षकांना एक विनंती. समांतर रेषांचा नियम सांगून पुढे जाऊ नका. मुलांनाच तीन समीकरणं रचायला लावा, ज्यांत कोणतीही दोन जुळतील पण तिन्ही जुळणार नाहीत. आणि कोणाच्या वहीत ‘शून्य बरोबर दहा’ आलं, तर ती ओळ खोडायला लावू नका. ते कोणत्या ओळींना कितीने गुणून आलं, ते तिच्या खाली लिहायला सांगा आणि त्याचे पूर्ण गुण द्या.